सकाळी घास टाकू नका

॥ श्री ॥
हसनाबाद, ६ जानेवारी २०२५

प्रिय महजबीन हिला,
स. न. वि. वि.

तू अंगणवाडीत गेलेली आन माझी गाडी साडेनऊची, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या सासूबाईंच्या, आपल्या कमरबीखालांच्या हाती देऊन निघून राह्यले. प्रीतीला डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं. माझी पोरगी पहिलटकरीण, तिकडं नाशकात तिचं दुसरं कोण हाये? दोन महिने तरी मी येत न्हाई.

मोरी तुमच्या हवाली. कल्याणभाऊजी म्हणले मी बघतो, पण माझ्या ह्या दिराला सोताची चप्पल सापडत न्हाई, त्याच्या भरोशावर गाय कशी सोडू? दूध तुम्हीच ठेवा, कालवडीला दोन सड सोडा. गोठ्यामागं चाऱ्याची गंजी हाये, हात राखू नका. सकाळी उपाशीपोटी घास टाकू नका, पोट फुगतं. दुपारनंतर चालतं. नांद भरलेली असू द्या, तिला पाणी लई लागतं.

खालांना म्हणावं, रिकाम्या भिंतीशी बोलत बसण्यापेक्षा मोरीशी बोला, ती उलटून बोलत न्हाई. तुझ्या मालकांना, तन्वीरभाईंना नमस्कार. जीव लावताच तुम्ही, तसाच लावा.

तुझी शाळेपासूनची,
साधना

॥ श्री ॥
नाशिक, २७ जानेवारी २०२५

महजबीन,
नमस्कार.

तुझे फोन मीच उचलून न्हाई राह्यले. उचलला तर माझ्या तोंडून काय निघंल त्याचा मला भरोसा न्हाई. कागदावर निदान हात आवरता येतो.

मोरी मेली हे मला कल्याणभाऊजींनी सांगितलं. जनावराच्या डॉक्टरांशी मी सोता बोलले. ते भोकरदनहून येईस्तोवर तिची डावी कूस ढोलासारखी झालती. त्यांनी गव्हाण बघितली तर आत सगळी रानमेथी. गव्हाच्या कडंला उगवते, पिवळं बारीक फूल येतं, जिच्या वळलेल्या काटेरी शेंगा लुगड्याला चिकटतात, तीच. ती घासाचीच रानातली बहीण हाये, घासाइतकीच फुगवते. आन ही तर फुलावर आलेली, दवानं चिंब, गायीच्या पोटात रातभर काही न्हाई. मी साफ लिहिलं होतं का न्हाई? सकाळी घास टाकू नका, असं माझ्या हातानं लिहिलं होतं. तुला वाचता येत न्हाई का? शाळेत माझ्यापेक्षा तुझे मार्क जास्ती होते.

खालांना वाटलं असंल, साधनाला काय कळतं. सात वर्सं मी ती गाय पोसली. हे गेल्यावर त्या गोठ्यात जाऊनच मी रडत होते, घरात रडायची सोय नव्हती. तुला हे सगळं माहीत हाये आन तरी तू चिठ्ठीतली एक ओळ पाळली न्हाईस. मी भाऊजींना फोनवर सांगितलं, म्हातारीनं माझी गाय मारली. चुकीचं बोलले का मी?

प्रीतीला अजून सांगितलं न्हाई. तू पण सांगू नको.

साधना

हसनाबाद, १ फेब्रुवारी २०२५

साधना हिला,
सलाम आन नमस्कार, दोन्ही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वाचता येतं मला. नुसतं वाचलं, अर्थ सांगितला न्हाई म्हणून हे झालं, ते आता तू पण वाच.

सहा तारखेला दुपारी मी घरी आले. पोषण आहाराची गाडी यायची होती, परत जायची घाई. उभ्या-उभ्या तुझी चिठ्ठी अम्मीला वाचून दाखवली आन पळाले. तुला मराठीत घास म्हणजे तुझ्या विहिरीजवळच्या वाफ्यातला लसूणघास. आमच्या घरात घास म्हणजे गवत. गोठ्यामागच्या गंजीत जे वाळलेलं हाये, ते. अम्मीनं काय ऐकलं? सकाळी गवत टाकू नका, गवतानं पोट फुगतं. मंग ती बिचारी रोज सकाळी गंजीला हात न लावता दुसरं कायतरी शोधायची. कधी सरकीची पेंड, कधी भाकरी. त्या दिवशी गव्हाच्या बांधावर तिला कवळी मेथी दिसली. माणूस मेथीची भाजी खातो, जनावराला काय होणार, असं तिला वाटलं. पदर भरभरून आणली. तिच्या पदराला अजून त्या काटेरी शेंगा हायेत, मी धुवायला टाकलं तर तिनं धुऊ दिलं न्हाई.

मला दोन्ही घास माहीत हायेत. मी वाचताना थांबले असते तर मोरी जिती असती. ही चूक माझी, बिलकुल माझी, आन ती मी कबूल करून राह्यले. वाफ्यातला एवढा एक शब्द तू जास्ती लिहिला असता तर, हे पण मला म्हणता येतं. पण गाय तुझी गेली, म्हणून ते मी म्हणणार न्हाई.

आता दुसरं ऐक. तू फोनवर मारली म्हणालीस. कल्याणभाऊनं तो शब्द तसाच उचलून दूध डेअरीवर नेला. तिथं म्हातारीनं मारली होतं, चहाच्या हॉटेलापर्यंत जाईस्तोवर त्यांनी मारली झालं. त्यांनी म्हणजे कोण, हे तुला समजून सांगायला पाहिजे का? चार दिवस झाले, आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोरं येऊन उभी राहतात. काही बोलत न्हाईत, नुसती उभी राहतात. माझ्या अंगणवाडीच्या तेवीस लेकरांतली नऊ आली. ज्या बायकांच्या लेकरांची नाकं मी सोता पुसते, त्या म्हणल्या की घरचे नको म्हणून राह्यलेत. तन्वीरनं दुकान अर्ध्या दिवसातच बंद केलं. कल्याणभाऊ दोघांना घेऊन आला आन कालवड सोडून घेऊन गेला, अम्मी तिला बाटलीनं दूध पाजत असताना. ती चूल पेटवत न्हाई, दाराबाहेर येत न्हाई. मला विचारते, मी मारली का गं तिला?

तुझ्या चिठ्ठीतला एक शब्द आम्हाला उलटा कळला आन गाय गेली. तुझा हा शब्द गावाला बरोबर कळला. तू गाय मेली म्हणू शकत होतीस. शाळेत तुझं व्याकरण एवढं पण कच्चं नव्हतं.

माझ्याशी बोलू नको, चालतं. मला शिव्या दे, त्या पण चालतात. पण तो शब्द जिथं जिथं गेला तिथून परत घे, आन जल्दी घे. ते तुलाच करता येतं. मी सांगितलं तर कोण ऐकणार?

प्रीतीला सांगितलं न्हाई. तिची तब्येत जपा.

महजबीन

॥ श्री ॥
नाशिक, ५ फेब्रुवारी २०२५

श्री. कल्याणभाऊजी यांस,
साधनावहिनीचा नमस्कार.

हे पत्र दोन प्रतीत लिहून राह्यले, दुसरी महजबीनला धाडली. म्हणजे हे मिळालंच न्हाई असं तुम्हाला म्हणता येणार न्हाई. डेअरीवर सकाळी माप चालू असताना, सगळे उभे असताना, हे मोठ्यानं वाचा. तोंड उघडत नसंल तर दैवशालाच्या हातात द्या. तुमच्या बायकोला वाचता बी येतं आन लाज बी वाटते.

माझी गाय मोरी ही पोटफुगीनं मेली. तिला कोणी मारलं न्हाई. कमरबीखालांनी तिला रानमेथी घातली ती मायेनं घातली, आन माझ्या चिठ्ठीचा अर्थ त्यांच्या बोलीत वेगळा निघाला म्हणून घातली. चिठ्ठी मी घाईत लिहिली, ती चूक माझी. मारली हा शब्द रागात माझ्याच तोंडून निघाला, ती त्याहून मोठी चूक, आन ती पण माझीच.

आता तुमचं. भावजयीनं फोनवर रडताना टाकलेला शब्द तुम्ही गावभर वाटला. मोरी फुगून पडली तेव्हा तुम्ही कुठं होता? डॉक्टरला फोन तन्वीरभाईंनी केला. तिच्या तोंडात गोडेतेल खालांनी ओतलं, त्यांच्या हाताला मोरीचे दात लागले हे मला डॉक्टरनं सांगितलं, तुम्ही न्हाई. ज्या गायीला तुम्ही सात वर्सांत एक पेंढी टाकली न्हाई, तिच्यासाठी तुमचं रक्त एकदम कसं उकळलं?

कालवड आजच्या आज खालांच्या दारात नेऊन बांधा. सोबत ते दोघं पण न्या, न्यायला आले होते तेच. प्रीतीला मी आज सगळं सांगितलं. ती म्हणाली, काकाला सांग, मी बरी झाले की मीच येते. मोठ्यांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. तुमच्यावर लोभ राहील का न्हाई, ते तुम्ही काय करता त्यावर हाये.

साधना

हसनाबाद, १४ फेब्रुवारी २०२५

प्रिय साधना हिला,
सलाम आन नमस्कार.

कल्याणभाऊनं वाचलं न्हाई. दैवशालानं वाचलं, दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मागचे लोक बोलत होते. 'आता तुमचं' म्हणून नवऱ्याबद्दल जे काय लिहिलंस ते पण तिनं गाळलं न्हाई. कल्याणभाऊ कॅन तिथंच ठेवून घरी गेला. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी कोणी नव्हतं. अंगणवाडीत काल एकवीस लेकरं होती. दोन अजून येत न्हाईत.

कालवड आणून बांधली. सोबत ते दोघं पण होते, बघत होते जमिनीकडं. अम्मी बाहेर आली, दहा दिवसांनी आली. तिनं बाटली धुतली, दूध कोमट केलं आन कालवडीला पाजलं. ती पीत असताना अम्मी तिच्या पोटावर हात ठेवून बसली होती, फुगलं का बघत.

संध्याकाळी तन्वीरनं दावं सोडलं आन कालवड परत दैवशालाकडं नेऊन दिली. मी भांडले त्याच्याशी. तो म्हणाला, साधनाताईंचा राग गेला, चांगलं झालं. पण कालवड लेकरू हाये, सर्दी झाली, साप चावला, नुसतं ठेच लागून पडलं, तर पुढच्या वेळी आपण गावाला काय वाचून दाखवायचं? अम्मीला विचारलं तर ती म्हणाली की तो बराबर बोलून राह्यला.

तू जे केलं ते सोपं नव्हतं, सख्ख्या दिराचं नाव घेऊन केलं, हे मी विसरणार न्हाई. तुला मी माफ केलं, अम्मीनं तर त्या दिवशीच केलं होतं. पण माझी सासू शेजारणीचं वासरू दारात बांधायला घाबरते, साधना. इतकी वर्सं ह्या गावात राहून तिला हे भेव कधी नव्हतं.

तू आली की घरी ये. चहा करीन. राग अजून हाये, तो पण घरातच बसलेला असंल, त्याला बघून परत जाऊ नको. प्रीतीला दुवा.

तुझी,
महजबीन