इरावतीच्या नावे काही नाही

मी, सुप्रभा श्रीकांत देवस्थळी, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, राहणार बीस्टन, नॉटिंगहॅम, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. दबाव आणायचा प्रयत्न माझ्या मुलाने फोनवरून केला, तो मी जुमानला नाही. बुद्धी शाबूत आहे. आतडे तेवढे शाबूत नाही. त्यातला हातभर भाग सर्जनने काढला आणि मी क्रोन्स या आतड्याच्या आजाराची पेशंट म्हणून आजवर जगले. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. सॉलिसिटरने याचा इंग्रजी तर्जुमा करून घ्यावा, आणि माझे शेरे गाळू नयेत.

१. बीस्टनचे घर आणि बँकेतली सर्व शिल्लक माझा एकुलता एक मुलगा सुयश, साउथहॅम्प्टनला हाडांचा सर्जन, याला द्यावी. कुंडीतला कढीपत्ता थंडीत आत घ्यावा. त्याच्या लक्षात राहणार नाही, सूनबाई नीना घेईल.

२. क्रॉयडनची माझी नणंद आश्लेषा हिने 'वहिनी, तुमचं सगळं टेन्शनमुळे आहे' असे भर गणपतीच्या पंगतीत सांगून दरवर्षी पाठवलेल्या हिंगाष्टक चूर्णाच्या बाटल्या सील न फोडता तिला परत कराव्यात. माझ्या मोत्याच्या कुड्याही तिलाच द्याव्यात. भांडण वेगळे, कुड्या वेगळ्या.

३. शेजारी राफाएल पेणकर यांना माझा मोठा प्रेशर कुकर द्यायचा होता. पण ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. त्यांच्या बायकोला, बथशेबालाही नाही, असे सॉलिसिटरने बजावले. म्हणून कुकर त्यांनी आजच घेऊन जावा.

४. माझे रक्त आणि कापलेल्या आतड्याचा तुकडा मी संशोधनासाठी आधीच दिला आहे. तो परत मागू नये.

५. आता ज्या वारशाची वाटणी माझ्या हातात नाही, त्याबद्दल.

आमच्या घरात चार डॉक्टर. त्यामुळे रीतसर पेशंट सहसा कोणी झालेच नाही. निदान जेवणाच्या टेबलावर, गोळ्या खणातून, आणि 'फॅमिली हिस्टरी?' असे कुठे विचारले की सगळ्यांचे उत्तर 'काही नाही'. माझे वडील मिरजेला पोट धरून धरून गेले. त्याला आम्ही पित्तप्रकृती म्हणालो.

माझी नात, सुयशची मुलगी इरावती, एकोणीस वर्षांची. इथेच युनिव्हर्सिटीत शिकते आणि रविवारी माझ्याकडे जेवते. सप्टेंबरपासून तिची जीन्स बेल्टशिवाय राहत नाही. तोंडात फोड येतात. वरणभात पानात टाकून उठते आणि बाथरूमचा नळ सोडून ठेवते. नळ का सोडतात, हे मला कोणी शिकवायला नको. विचारले तर म्हणते, "आजी, माझा पोट फक्त एक्झाम्सला दुखतो. बाबा म्हणाले, आयबीएस असेल." आयबीएस म्हणजे नुसते चिडके आतडे, पोखरलेले नव्हे. बाबांनी पोस्टाने जुलाब थांबवायच्या गोळ्या पाठवल्या आहेत.

सुयशला मी फोन केला. "आई, प्लीज, तिला घाबरवू नकोस. बहुतेकांना होत नाही हे, ऑड्स मलाही माहीत आहेत."

क्रोन्स घरात असला तरी बहुतेकांना होत नाही, हे खरे आहे. या आजाराशी जोडलेल्या दोनशेहून अधिक जागा जनुकांत सापडल्या आहेत, आणि सहसा त्यातली एकटी कोणतीच आजार आणत नाही. पण ज्यांना होतो, त्यांची रोगप्रतिकारक शक्ती आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंवर चवताळते आणि त्या भरात आतडेच पोखरते. राखणीला ठेवलेला कुत्रा घरच्यांनाच चावतो. त्यात इथे जन्मलेल्या आपल्या मुलांत हे प्रमाण जास्तच दिसते. तपासणी म्हणजे सुरुवातीला थोडे रक्त आणि एक शौचाची चाचणी. लवकर कळले तर आतडे वाचू शकते. माझे कळायला चार वर्षे लागली.

सुयश वाईट नाही. नऊ वर्षांचा असताना त्याने मला अँब्युलन्समध्ये चढवताना पाहिले, नंतर पोटाला लावलेली शौचाची पिशवीही पाहिली. लोकांची हाडे तो न कचरता कापतो, पण 'क्रोन्स' हा शब्द ऐकला की फोन ठेवतो. बाळा, मला तुझा राग येतो आणि तुझ्यासाठी जीवही तुटतो.

६. इरावतीच्या नावे या मृत्युपत्रात काहीही नाही. दागिना नाही, पौंड नाही. कारण दुसरी साक्षीदार ती आहे. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात, आणि तेवढी वाट पाहणे तिला परवडणार नाही. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून सहीआधी राफाएल यांनी तिला सगळे वाचून दाखवावे, अशी माझी अट आहे. ती सज्ञान आहे. डॉक्टरकडे जायला बापाची परवानगी लागत नाही.

सहीपूर्वीची नोंद: वाचून झाले. नळाचे ऐकून इरावती लाल झाली, मग रडली.

"आजी, सो तुला पण असंच व्हायचं?"

"अगदी असंच."

"मग मला कोणी सांगितला का नाही?"

"आजी सांगतेय ना, बाय," राफाएल म्हणाले. "सही राहिलीय फक्त."

मी मघापासून चहाचे आधण ठेवते आहे आणि विसरते आहे. जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, लाईन सकाळी आठला उघडते. पोरगी फोन स्पीकरवर टाकून रांगेत थांबली आहे, आणि मी पेन धरून बसले आहे. तिचा फोन लागल्याशिवाय मी सही करणार नाही.

लागला. ती सगळी लक्षणे सांगते आहे. पलीकडून विचारले, घरात कोणाला असा त्रास आहे का? इरावतीने माझ्याकडे पाहिले.

"येस," ती म्हणाली. "माय ग्रँडमदर. शी इज सिटिंग राइट हिअर."

सही: सुप्रभा श्रीकांत देवस्थळी

आम्हा दोघांच्या देखत ही सही झाली, आणि त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या:
राफाएल पेणकर, बीस्टन
इरावती सुयश देवस्थळी, विद्यार्थिनी

स्थळ: बीस्टन, नॉटिंगहॅम
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५