बेल्डनचे बाबा, हार्करची मिरवणूक

हार्कर, ओहायो
२ मे १९३१

चि. ऑर्व्हिल यास ड्रुसिलाताईचे अ. उ. आ.

पत्र लिहायचं कारण फोनवर सांगता येण्याजोगं नाही. आपल्या दोन्ही गावांची लाइन एकच, आणि तुमच्या नगराध्यक्षांच्या पर्विसबाई रिसीव्हर कानाला लावूनच स्वयंपाक करतात. मागच्या आठवड्यात मी तुझ्या बायकोला, मिनर्व्हाला, लोणच्याची कृती सांगत होते, तर मधेच बाई म्हणाल्या की व्हिनेगर जास्त होतंय!

तर मुद्दा असा, की मला आपले बाबा उसने हवेत. एका सकाळपुरते.

लेम्युएल स्प्रेगकाका फेब्रुवारीत गेले आणि हार्करमध्ये उत्तर-दक्षिण युद्धात लढलेला माणूसच उरला नाही. तीस मेला सैनिकांच्या कबरी सजवायच्या, त्याआधी मिरवणूक निघायची, आणि पुढच्या उघड्या मोटारीत बसवायचं कोणाला? महिला मंडळाची बैठक झाली. एकीने सुचवलं की खाटकाला पांढऱ्या मिशा लावून बसवू. तो तयार आहे, पण वय छत्तीस. दुसरी म्हणाली, मोटार रिकामीच नेऊ, म्हणजे लोकांना गहिवर येईल. मी म्हटलं, लोकांना वाटेल ड्रायव्हर चुकून मिरवणुकीत घुसला.

तुला माहीतच आहे, बाबा आणि लेम्युएलकाका एकाच तुकडीत ढोल वाजवणारी पोरं होती. युद्धानंतर सैनिकांच्या कबरींवर पहिल्यांदा फुलं कोणाच्या गावाने वाहिली, यावर दर रविवारी माझ्या ओसरीवर त्यांचं भांडण व्हायचं. काकांचं म्हणणं, हार्करच्या बायकांनी एप्रिलात लायलॅक वाहिली. बाबांचं म्हणणं, एप्रिलात इथे लायलॅक तर सोड, गवतसुद्धा फुलत नाही. बेल्डननेच मे महिन्यात पिओनी वाहिल्या. मग काठ्या आपटणं, मग केक, मग पुन्हा काठ्या.

बाबा कसे आहेत? बर्फाने पूल बंद होता म्हणून त्यांना काकांच्या अंत्यविधीला येता आलं नाही, ते मनाला लागून राहिलंय.

लोभ आहेच, बाबांना पाठवलंस तर दुप्पट होईल.
ड्रुसिला

बेल्डन
९ मे

ती. ताईस ऑर्व्हिलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी नगराध्यक्ष पर्विससाहेबांच्या कानावर घातलं. चूक झाली. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले की एफ्राइम टटल ही बेल्डनची शान आहे, लग्नाचा मांडव नव्हे भाड्याने द्यायला. शिवाय, कबरी सजवायचा हा दिवस बेल्डननेच सुरू केला याचे एकमेव हयात साक्षीदार हार्करच्या मोटारीत दिसले, तर उद्या हार्करवाले म्हणतील की नदीसुद्धा त्यांनीच खोदली.

मग बाबांचं स्वतःचं म्हणणं मी विचारलं. त्यांनी आधी केक कसला असेल ते विचारलं. मी म्हटलं, स्ट्रॉबेरीचा. थोडा वेळ विचार करून म्हणाले, नको, त्या थापाड्यांच्या गावात आता माझं काय काम.

ताई, तुझ्यापासून लपवत नाही. बाबा फेब्रुवारीपासून भांडलेले नाहीत. मिनर्व्हाने त्यांना चिडवायला मुद्दाम म्हटलं, की काय हो बाबा, तुमच्या पलटणीचे सरदार जरा भित्रेच होते ना? एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणाले, असतील बाई. मी म्हटलं, पिओनी म्हणजे कोबीच, फक्त रंगीत. त्यावरही काही नाही! दिवसभर खिडकीत बसतात, सूप गार होतं. डॉक्टर तपासून म्हणाले की नाडी उत्तम आहे. पण जो माणूस कोबीवर चिडत नाही तो बरा आहे असं मी कसं मानू?

ताईचा लोभ आहे म्हणूनच हे लिहिलं.
तुझा ऑर्व्हिल

हार्कर
१६ मे

चि. ऑर्व्हिल यास अ. उ. आ.

पत्र वाचून मी आधी रडले, मग महिला मंडळाची बैठक बोलावली.

पर्विससाहेबांपुढे असा प्रस्ताव ठेव. तुमच्या बँडच्या ट्यूबावाल्याचे दात काढल्यापासून तुमचा बँड नुसता शिट्ट्या वाजवतो, हे आम्हाला वारा फिरला की नदीपलीकडे ऐकू येतं. आमचे अ‍ॅम्ब्रोज ट्यूबा वाजवतात. वाजवतात कसले, फुंकतात, पण आवाज मोठा येतो. आमची मिरवणूक नऊला, तुमची त्यानंतर. म्हणजे बाबा आम्हाला द्या, अ‍ॅम्ब्रोज तुम्ही घ्या. नवऱ्याच्या बदल्यात बाप, याहून जास्त मी काय देऊ?

आणि बाबांना एवढंच सांग. आमच्याकडे रीत अशी, की नव्या कबरीवर पहिला झेंडा त्याच तुकडीतल्या सोबत्याने रोवायचा. लेम्युएलकाकांना मूल नाही, तुकडीत दुसरं कोणी उरलं नाही. पाद्रीसाहेब म्हणतात, मी रोवतो. पण काकांचं आणि पाद्रीसाहेबांचं कधीच पटलं नाही. झेंडा उपटून फेकतील असं मला वाटतं.

केक दोन करते, सांग त्यांना.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
ड्रुसिला

बेल्डन
२८ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. पर्विससाहेबांना ट्यूबा हवा आहे, पण बाबा द्यायचे नाहीत. म्हणाले, अ‍ॅम्ब्रोजनी गावप्रेम म्हणून फुकट वाजवावं. शिवाय तीस तारखेला सकाळी स्वतः माझ्या दारात खुर्ची टाकून बसणार आहेत, बाबांना सन्मानाने न्यायला म्हणून. सन्मान कसला, पहारा आहे.

झेंड्याचं मी बाबांना सांगितलं. आज मिनर्व्हाकडून गणवेशाला इस्त्री करून घेतली, बटणं घासली आणि दूधवाला हल्ली किती वाजता येतो, ते विचारलं. मिनर्व्हाला वाटलं, दूध हवंय.

फार आशा धरू नकोस. नमस्कार.
ऑर्व्हिल

हार्कर
३० मे, सकाळी

चि. ऑर्व्हिल यास आ.

नदीत शोधायला जाऊ नका, बाबा माझ्याकडे आहेत. हे पत्र अ‍ॅम्ब्रोजबरोबर पाठवतेय. ट्यूबाही पाठवला आहे, तेव्हा पर्विससाहेबांना म्हणावं, सौदा पुरा झाला.

मी अंगणात टेबलं मांडत होते, तर दुधाची गाडी आली आणि मागच्या कॅनांच्या गर्दीतून बाबा उतरले. पूर्ण गणवेश, छातीवर पदकं, विजारीवर साय, आणि हातात एवढा मोठा पिओनीचा गुच्छ! कुठून आणला म्हणून विचारलं तर म्हणाले, पर्विस आमच्या पुढच्या दारात घोरत होता, त्याच्या बागेवर कोणाचंच लक्ष नव्हतं.

मिरवणुकीत मोटारीत बसले खरे, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या की हात हलवायचा सोडून खाली बघत होते. मग स्मशानात गेलो. बँड थांबला. बाबांनी काकांच्या कबरीवर झेंडा रोवला, पिओनी ठेवल्या, आणि सगळ्या गावासमोर कबरीला झापायला सुरुवात केली. म्हणाले की बघ लेम, नीट डोळे फाडून बघ, याला पिओनी म्हणतात, ही मे महिन्यात फुलते, म्हणून मे महिन्यात वाहतात. तुझ्या लायलॅकचा पत्ता आहे का कुठे? आता गप्प का? बोल की!

पाद्रीसाहेबांनी घड्याळ पाहिलं, मी त्यांना कोपर मारलं. बाबा उत्तराची वाट बघत उभे राहिले. अगदी तसेच, ओसरीवर काकांचा घास गिळून व्हायची वाट बघायचे ना, तसे. मग त्यांनी टोपी काढली. ऑर्व्हिल, तेव्हा खाटकासकट कोणाचेच डोळे कोरडे नव्हते.

आता केक खाताहेत. दुसराही सुरू केला. तुमच्याकडे शोक म्हणून सकाळभर अर्ध्यावर ठेवलेला झेंडा दुपारी वर चढवायचा मान त्यांचा आहे हे लक्षात आहे, पण घाई केली तर ठसका लागेल. आमचा खाटीक घेऊन येतोय.

राग धरू नकोस, लोभ धर.
ड्रुसिला

बेल्डन
१ जून

ती. ताईस ऑर्व्हिलचा सा. न. वि. वि.

बाबा उशिरा पोचले. तोवर बेल्डनचा झेंडा अर्ध्यावरच. पर्विससाहेब घामाघूम, आणि मोकळा वेळ भरून काढायला अ‍ॅम्ब्रोज एकटेच ट्यूबा वाजवत होते. दोन गाई सुटून गेल्या.

बाबांनी झेंडा वर चढवला. लगेच पर्विससाहेबांनी नेहमीचं भाषण ठोकलं, की याच पवित्र भूमीत, याच गावच्या माउल्यांनी, देशात सर्वप्रथम शहिदांना फुलं वाहिली, आणि साक्षीदार आपल्यासमोर बसले आहेत. दरवर्षी बाबा इथे उठून हो म्हणतात. परवाही उठले. आणि खणखणीत आवाजात म्हणाले की पहिली फुलं हार्करने वाहिली. एप्रिलात. लायलॅक.

पर्विससाहेबांच्या नाकातून लिंबाचं सरबत आलं. पर्विसबाई मटकन खाली बसल्या, त्या नेमक्या बटाट्याच्या सॅलडवर. कोणीतरी ओरडलं, म्हाताऱ्याला केक चारून फितवलाय! बाबा म्हणाले, होय, आणि केक चांगला होता, पण एप्रिल तो एप्रिलच.

घरी आल्यावर मी विचारलं, बाबा, खरं काय ते सांगा. म्हणाले, मला काय माहीत? त्या वसंतात मला आणि लेमला गालगुंड झालं होतं. त्याच्याच आईने दोघांना एका पलंगावर बांधून ठेवल्यासारखं झोपवलं होतं. आम्ही दोघांनीही काहीच पाहिलं नाही.

मग इतकी वर्षं बेल्डनची बाजू का घेतलीत, असं मी विचारलं. तर म्हणाले, लेमने हार्करची घेतली होती ना, मग मला दुसरी कुठली उरली? आणि आज पलटलात ते? त्यावर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून पाळण्यातच आहे. म्हणाले, अरे, आता त्याच्या बाजूने बोलायला दुसरं आहे कोण?

ताई, काल रात्रीच्या जेवणात मिनर्व्हा सहज म्हणाली, की एप्रिलात लायलॅक फुलेल कशी. बाबांनी काठी अशी आपटली की सूप टेबलावर सांडलं. मिनर्व्हा सांडलेलं पुसत होती, आणि पुसताना हसत होती.

अ‍ॅम्ब्रोजना नमस्कार, मुलांना पापे. आमच्यावर माया आहे तशी राहू दे.
तुझा,
ऑर्व्हिल