त्या सिनेमातली खोली

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नाशिकच्या कॉलेजचा मेल आला — ग्रंथपाल म्हणून घेताहेत मला! पुढच्या मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचंय. जिन्यात खालच्या अंबिकाकाकूंना सांगितलं. म्हणाल्या, "अच्छा है, पण मग अप्पाजींना उठवेल कोण, बेटा?" संपलं.

अप्पा पडले त्याला दोन वर्षं झाली. मी हात दिल्याशिवाय खुर्चीतून उठत नाहीत. इंदुरातलं हे बड़ा गणपतीजवळचं घर सोडून नाशिकला यायलाही तयार नाहीत. मी शाळेच्या ग्रंथालयात कामावर असते तेवढा वेळ काकू येऊन बसतात.

बुधवार, १२

उत्तर लिहिलं नाही.

गुरुवार, १३

पेपरात वाचलं — तो अंतराळातला सिनेमा परत लागतोय, हिंदीतलाच. जुनी प्रत दुरुस्त केलीय, आवाजही साफ केलाय. अप्पांनी दाखवला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आम्ही बापलेक साताऱ्याहून नुकतेच इंदुरात आलेलो, धर्मशाळेत उतरलेलो. अप्पा ऑफिस सुटलं की खोली शोधत फिरायचे. सिनेमात एक माणूस यानात अडकलेला. शेवटी यानातलं मशीन त्याला काहीतरी सांगतं, पण खरखर इतकी की मला दोनच शब्द कळले. "...खोली नहीं." अप्पांना विचारलं. म्हणाले, बाहेर त्याला खोलीच नाही, म्हणून तो आत राहतो. मी रडले होते. आम्हालाही कुठे मिळत होती!

तेव्हापासून कुठे अडकले की तेच आठवतं. आलेली स्थळं, भोपाळची नोकरी — दर वेळी. बाहेर खोली नाही.

रविवार, १६

अप्पांना रिक्षाने सिनेमाला नेलं. थिएटरातल्या दोघांनी धरून खुर्चीत बसवलं. शेवट आला. या वेळी आवाज स्वच्छ होता. "कुंडी तो अंदर से थी. तूने खोली नहीं."

कडी तर आतूनच होती, तू उघडली नाहीस! चौतीस वर्षं इंदुरात राहते, दिवसभर हिंदीत भांडते, आणि हे डोक्यात येऊ नये? आधी हसू आलं, मग रडू. अप्पा पडद्याकडेच बघत होते.

सोमवार, १७

नाशिकला नकार लिहून ठेवला. उद्या पाठवीन. अर्थ कळला म्हणून काय झालं, अप्पांना उठवायचं मलाच आहे. त्यांचा फार राग येतो. हे कुणाला सांगणार?

मंगळवार, १८

शाळेतून आले तर काकू जिन्यातच भेटल्या. अप्पांनी दुपारीच घरी पाठवलं म्हणाल्या. धावत वर गेले. दाराला आतून कडी! बेल दाबली. बराच वेळ पावलं ऐकू आली, मग कडी निघाली. दारात अप्पा — एकटे, उभे.

"सहा महिने झाले, उठता येतं मला," म्हणाले. "तू जाशील म्हणून बोललो नाही."

आत गेले, कालचा नकार पुसला आणि नाशिकला कळवलं — येते.