फरशीवरची धार

याहा, आई, या दिवाळीच्या सुट्टीत मी बेल्जियमची बिअर प्यायले. बेल्जियम कुठे ते तुला सांगायचं तर अक्कलकुव्याच्या बाजारापुढचं सगळं जगच आधी सांगावं लागेल, म्हणून ते राहू दे. लांबचा थंड देश आहे आणि तिथे मठातले साधू बिअर बनवतात, एवढं कळलं तरी पुरे. साधू आणि दारू म्हटल्यावर तू पदर तोंडावर धरून हसली असतीस. मलाही हसू येत होतं, पण बाकीचे गंभीर होते म्हणून मी गंभीर झाले. लोक बघून तोंड करायची ही सवय मला शाळेपासूनची, तुला ती कधीच आवडली नाही.

शहाद्याला माझ्यासोबत कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्या घरी दुपारचं जेवण होतं. घर मोठ्या शेतकऱ्याचं, माणसं मनानं चांगली. त्यांचा मुलगा तिकडे बेल्जियमला नोकरीला असतो, त्यानं येताना दोन बाटल्या आणल्या होत्या. पसरट तोंडाचे, दांडीचे पेले मांडले आणि तो आम्हाला शिकवायला लागला. फार गार करायची नाही, पेला तिरपा धरून हळू ओतायची, तळाशी खमिराचा गाळ असतो तो बाटलीतच ठेवायचा. काळसर तांबडी बिअर, वर साईसारखा जाड फेस. "मॅडम, लगेच पिऊ नका, आधी हुंगा," तो म्हणाला आणि वडिलांकडे वळला, "आबा, कसाना वास ये ऱ्हायना?" आबांनी नाक पेल्यात घातलं. "काकवीना शे भो, दुसरा कसाना!" सगळे हसले. बाई म्हणाल्या, मनुका. मी नाक खाली नेलं आणि याहा, मला आपलं अंगण आठवलं. चैतात तू गोळा करून वाळत घातलेली मोहफुलं, दुपारच्या उन्हात तापून गोड झालेली, अगदी तोच वास. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "अंजीर." अंजीर मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं.

मुलांना मी रसायनशास्त्र शिकवते. ऊर्ध्वपातन शिकवताना काचेची नळी, काचेचं भांडं, सगळं नीट मांडून दाखवते. परसात तू चुलीवर मडकं चढवून, वर थंड पाण्याचं भांडं ठेवून तेच करायचीस, हे इतक्या वर्षांत एकाही वर्गात माझ्या तोंडून निघालेलं नाही. आई दारू गाळायची म्हटलं की लोकांच्या डोळ्यांत काय येतं ते मला माहीत आहे. साधूंनी बनवली की मात्र त्याला परंपरा म्हणतात. मुलगा सांगत होता, ते साधू प्रार्थना करत, मौन पाळून बिअर बनवतात, आणि आम्ही सगळे कीर्तनाला बसल्यासारखे माना डोलवत होतो. त्यात माझी मान सर्वांत जास्त हलत होती.

आणि मग ते झालं. मी पेला उचलला आणि ओठाला लावायच्या आधी माझा हात आपोआप खाली गेला, पेला कलला, फरशीवर धार पडली. मी ठरवून केलं नव्हतं. हे तूच माझ्या हातात घातलं आहेस. कॉलेजात असताना सुट्टीला आले होते, मामा लोक आले होते, आणि मी शहाणी खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानांचे दोने दारूनं भरून थेट त्यांच्या हातात द्यायला निघाले. तू सगळ्यांसमोर माझं मनगट धरलंस. आधी जुन्यांना, गेलेल्यांना, म्हणालीस आणि जमिनीवर धार सोडलीस. त्यांना आता हात नाहीत, आपण दिलं तरच त्यांना मिळतं. मी तेव्हा चिडले होते, दिवसभर तुझ्याशी बोलले नव्हते.

पांढरी शुभ्र फरशी होती, तिच्यावर ती काळी धार फार मोठी दिसली. "सांडलं, सॉरी," म्हणत मी टेबलावरचे कागदी रुमाल ओढले. कोपऱ्यात बाईंच्या सासूबाई बसल्या होत्या, म्हाताऱ्या, नजर मात्र तेज. त्या म्हणाल्या, "ते सांडनं नई, माय. पितरस्ले दिधं ना तू? आम्ही बी आखाजीले आगारी टाकतस." किती सरळ बोलल्या! चेष्टा नव्हती, कुत्सितपणा नव्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या पितरांच्या नावानं विस्तवात घास टाकतात, मी तुझ्या नावानं धार टाकली, एवढंच त्या म्हणत होत्या. बाईंनी, मुलानं, आबांनी, सगळ्यांनीच कुतूहलानं माझ्याकडे पाहिलं. नुसतं "हो आजी" म्हटलं असतं तर चाललं असतं. कदाचित त्यांनी विचारलं असतं, कुणासाठी? आणि मी तुझ्याबद्दल बोलले असते, त्या घरात पहिल्यांदाच.

मी म्हणाले, "नाही हो आजी, हात हलला. आमच्यात असलं काही नसतं."

मग मी खाली वाकले आणि तुझा वाटा पुसून घेतला. एकदा पुसून चिकट राहिलं म्हणून पाणी लावून पुन्हा पुसला. तुझ्यामागे मी एकटी आहे, तुला देणारं दुसरं कुणी नाही. मी खुर्चीवर बसले आणि ती बिअर संपवली. आधी गोड, मग लवंगेसारखी तिखट, शेवटी कडू आणि छातीत ऊब. चांगली होती, खोटं कशाला सांगू? दुसरा पेलाही घेतला आणि वर तिचं कौतुक केलं, शब्द शोधून शोधून. तुझ्या हातच्या कशाचंही मी इतकं कौतुक केलं नव्हतं. मला माझी लाज वाटते, याहा. तुझी वाटत होती त्यापेक्षा जास्त वाटते, पण ती उशिरा आली, तिचा तुला काय उपयोग?

हे पाठवणार तरी कुठे? तुला वाचता येत नव्हतं, तुझे कागद मीच वाचून दाखवायचे, आणि ही शाळेतली मराठी ऐकून तू म्हणाली असतीस, आपल्या बोलीत सांग. म्हणून हे माझ्याजवळच राहील.

त्या दिवशी घरी आल्यावर मी तुझ्यासाठी धार टाकली. घरात दारू नव्हती, म्हणून पाण्याची. घरात कुणीच नव्हतं, तरी आधी खिडकीचा पडदा ओढून घेतला.