तंबाखूवर माझा पूर्ण ताबा

२ डिसेंबर
तंबाखू सोडली. विषय संपला. योगिनी बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली आणि आल्या आल्या अट: तंबाखू सुटेपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. पोटच्या पोरीने बापाला अट घालावी! मी स्वतःच्या मर्जीने सोडली, अटीमुळे नव्हे. नात गोड आहे. नाक माझं.

३ डिसेंबर, सकाळी
कंपनीतले डॉक्टर म्हणतात, निकोटिनमुळे मेंदूतला चुका पकडणारा भाग ढिला पडतो. आपण काय करतोय ते आपल्यालाच कळत नाही. हे मला सांगतात! अंबडच्या कारखान्यात उभी हयात क्वालिटी तपासण्यात गेली. केसाएवढा फरक असला तरी पीस रिजेक्ट करतो. माझ्या मेंदूत तो भाग डबल असणार.

५ डिसेंबर
लेथवरचा वसीम म्हणतो, साहेब, आज माझ्याकडून दोनदा घेतली. साफ खोटं. एकदा घेतली, तीही त्याचं मन मोडू नये म्हणून. दुसरी मला आठवत नाही, म्हणजे घेतलीच नाही.

८ डिसेंबर
पँट धुताना प्रतिभाला पुडी सापडली. मी शांतपणे समजावलं, पुडी खिशात असून न खाणं यालाच कंट्रोल म्हणतात. ती म्हणाली, पुडी अर्धी आहे. तीस वर्षांच्या संसारात या बाईने माझं एक तत्त्व समजून घेतलं नाही.

९ डिसेंबर
नवा नियम. फक्त जेवणानंतर. चहा जेवणात धरायचा.

१२ डिसेंबर
योगिनीला सांगून टाकलं, सुटली. ती म्हणाली, उद्या बारशाला बाळ आधी तुमच्याच मांडीवर देते, बाबा. डोळ्यांत पाणी आलं. तिच्या नव्हे, माझ्या.

१३ डिसेंबर, संध्याकाळ
सायखेड्याहून व्याही आले. त्यांना इच्छाशक्तीवर चांगलं ऐकवलं. ते सारखे माझ्या हातांकडे बघत होते. मला वाटलं, नवी अंगठी बघतायत.
योगिनीने बाळ आणलं. मी दोन्ही हात पुढे केले. डाव्या तळव्यावर चुना लावून मळलेला बार तयार होता.
कधी मळला, देवाशपथ मला माहीत नाही. खरंच नाही.
योगिनीने बाळ व्याह्यांच्या मांडीवर दिलं. मी मोरीत जाऊन साबणाने हात घासत बसलो. तेवढ्यात आत्याने कानात नाव सांगितलं, बायकांनी कुर्र केलं, पेढे वाटले.
नातीचं नाव काय ठेवलं, ते मला अजून माहीत नाही. घरात कोणाला विचारायची लाज वाटते.