पाच फरशा आणि मेथीची जुडी

रविवार, संध्याकाळ. अवधपुरी, भोपाळ.

आज देवळात, आमच्या चर्चमध्ये, हंगामाचा सण. ज्यानं त्यानं पहिलं पीक वेदीपुढे ठेवलं, गव्हाच्या पेंढ्या, पपया. मी फरशी बसवणारा, शेत कुठनं आणू? पुट्टीच्या बादलीत लावलेली मेथी नेली.

पण कालचं काम केलं नसतं, तर ती ठेवायला हात धजला असता का? परवा एका बाथरूमात माझ्या पाच फरशा पोकळ बसल्या. थापीच्या मुठीनं ठोकलं की बद्द वाजायच्या. ठेकेदार भैया म्हणाला, "अरे छोड़, कौन ठोक के देखेगा?" रात्रभर तोच बद्द आवाज कानात. काल सुट्टी असून पाचही उखडल्या, नव्यानं बसवल्या. भैया भडकला, "पगला है क्या? सोमवार से मत आना!"

गेलं काम, म्हटलं. तरी आज मेथी ठेवली, मान वर करून.

येताना साइटवर डोकावलो तर भैया स्वतःच उकिडवा बसून फरशा ठोकत होता. पाचही खणखणीत! मला बघून म्हणाला, "कल टाइम पे आना, पगले. किचन भी तू ही करेगा."

प्रभू, माझं खरं पीक तर त्या बाथरूमात आहे. येऊन ठोकून बघ!