पांढऱ्या काट्याची बाटली

रविवार, १२ सप्टेंबर १९९३

टोपलीभर अळंबी! ओकच्या झाडांखाली, परवाच्या पावसावर आलेली. मीच वेचली. सासूबाईंनी शिजताना त्यात अख्खा कांदा टाकला – अळंबी विषारी असली तर कांदा काळा पडतो. पांढराशुभ्र राहिला. "खुशाल खा," म्हणाल्या, पातेल्यातलं चाखत. मला नाही मिळाली. अंगावर पाजणारीनं खायची नसते म्हणे. मला दही नि पाव. रादकोनं दोन ताटल्या हाणल्या, वर माझ्याकडे बघून बोटं चाटली. नवरा कसला, माकड!

सोमवार, १३

पहाटेपासून रादकोला उलट्या, जुलाब. सासूबाई म्हणाल्या, "अळंबीचं नाही ते. कांदा कधी खोटं सांगतो का?" बांधावरच्या पांढऱ्या काट्याच्या झुडपाच्या बिया कुटून काढा केला. "यकृताला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. तुझे सासरे चाळीस वर्षं रकिया ढोसून मेले कशानं? तर शिडीवरून पडून!"

मी म्हटलं, इस्पितळात नेऊ या.

"पोरी, तू तुझं लेकरू सांभाळ आधी."

सांभाळलं.

मंगळवार, १४

रादको बरा! उठला, सूप प्यायला, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार ठोकून बसवलं. सासूबाई कुंपणावरून सगळ्या गल्लीला काढ्याची कृती सांगतायत. मला उगीच धास्ती. उगीचच.

बुधवार, १५

पिवळा झालाय. डोळे, तळहात, सगळा. मला "आई" म्हणाला. शेजारच्या दिमोकाकांनी गाडी काढली. मागे मी – मांडीवर तान्ही नेवेना, खांद्यावर नवरा. पुढे सासूबाई, थर्मासमध्ये काढा.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच. "परवा का नाही आणलंत?"

"काल बरा होता," मी म्हटलं.

"वाटणारच बरं. उलट्या थांबतात, पण विष आत यकृत खात बसलेलं असतं." मग कांद्याचं ऐकलं. "ह्या कांद्याला डॉक्टर कुणी केलं?"

नर्स हसली. मला रडू आलं.

म्हणाल्या, ह्या विषावर त्यांच्याकडे एक औषध आहे. पांढऱ्या काट्याच्या बियांतूनच काढलेलं, शिरेतून द्यायचं.

सासूबाई उसळल्या. "मग मी काय पाजत होते?"

"गरम पाणी, आजी. ते पाण्यात उतरत नाही." औषध यकृताच्या दारात उभं राहतं, विषाला आत सोडत नाही, असं काहीतरी सांगितलं. जे वाचलंय तेवढं वाचवायचं. जे गेलं ते गेलं. कपाटात एका माणसापुरतंच आहे. आणखी राजधानीतून, सोफियाहून मागवायचं तर कधी येईल सांगता येत नाही.

"आणखी कुणी खाल्ली अळंबी?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. ह्या बाईला असं कधी होत नाही.

"ह्यानंच फक्त," म्हणाल्या.

गुरुवार, १६

तसाच. मला ओळखत नाही. मी सारखी त्याच्या बाटलीकडे बघते. थेंब पडतो का. पडतो. माझं दूध आटलंय. नेवेनाला नर्स बाटलीनं पाजते.

रादको गेला तर मी कुठे जाऊ?

शुक्रवार, १७

सासूबाई दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसून आहेत. आत या म्हटलं तर येत नाहीत. आज मला म्हणाल्या, "वेचताना डोळे कुठे होते तुझे?"

"कांदा तुम्ही घातलात!" आजवर कधी उलट बोलले नव्हते. वाटलं, आता थोबाडीत बसते.

"हो," म्हणाल्या. बस.

काढा आता स्वतःच पितात. मी म्हटलं, ते नुसतं गरम पाणी आहे ना, आई? "मग पाणी पितेय. तुझं काय जातं?"

शनिवार, १८

रक्ताचे आकडे उतरले!! डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. त्यांचा एक दात किडलाय. रादकोनं डोळे उघडले. "नेवेना कुठंय?" मग, "भूक लागलीय. अळंबी सोडून काहीही द्या." मेल्या!

अजून दोन बाटल्या द्यायच्या, म्हणजे झालं.

रविवार, १९

सासूबाईंना सांगायला धावले. बाकावर भिंतीकडे तोंड करून निजलेल्या, डोक्याचा रुमाल डोळ्यांवर ओढलेला. आई, वाचला तो! रुमाल सरकवला. डोळे पिवळेधमक.

माझं मनगट धरलं. "ओरडू नकोस. त्याच्या बाटल्या संपू देत आधी."

मी ओरडले.